सौरऊर्जेवरील पहारा : घरासाठी कॅमेरा कसा निवडावा, कसा बसवावा

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातील अनेक वाड्या-तांड्यांवर घरांना कुलपे लागतात. लाखोंच्या संख्येने ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि गाळप हंगाम संपेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, घरी राहिलीच तर म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले राहतात. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांची स्थितीही फारशी वेगळी नाही. नेकनूरसारख्या आठवडी बाजारांत दुकान मांडणारे कापडवाले, बांगडीवाले, भांडीवाले पहाटे घर सोडतात ते रात्रीच परततात. गवंडी, सुतार, फिटर कामासाठी पुण्या-मुंबईला महिनोन् महिने असतात. घरात मात्र सोयाबीनची पोती, कापूस, ईदसाठी वाढवलेले बोकड, मुलीच्या लग्नाचे चार दागिने आणि दुकानाचा शिल्लक माल असतो.

अशा घरांच्या राखणीसाठी सौरऊर्जेवर चालणारे कॅमेरे आता तालुक्याच्या बाजारातही मिळू लागले आहेत. ज्याला वीज लागत नाही, तार ओढावी लागत नाही आणि दूर गावाहून मोबाईलवर घर दिसते, अशा वस्तूकडे लोकांचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. परंतु पुरेशी माहिती न घेता घेतलेला कॅमेरा पहिल्याच पावसाळ्यात बंद पडतो, अथवा ऐनवेळी त्यात चोराचा चेहराच दिसत नाही. म्हणून या साधनाची सविस्तर ओळख प्रस्तुत लेखात करून देत आहोत.

सौर कॅमेराच का?

साध्या सी.सी.टी.व्ही.ला चोवीस तास वीज, रेकॉर्डिंगची पेटी आणि इंटरनेटची जोडणी लागते. खेड्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही; रोहित्र जळाले तर ते बदलून मिळेपर्यंत अंधार. शिवाय चोर आधी विजेची तारच तोडतो. सौर कॅमेऱ्याला यापैकी कशाचीही अडचण होत नाही. शेतातील वस्ती, विहिरीवरील मोटार, गावाबाहेरचे गोदाम, वीटभट्टी, लाकडाची वखार अशा ठिकाणी तर दुसरा पर्यायच नसतो.

चित्रणाचे महत्त्व किती असते हे आपल्या जिल्ह्याने अलीकडेच पाहिले आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांची हत्या करण्यात आली. त्या तपासात सी.सी.टी.व्ही.चे चित्रण पुढे आले व त्यावर राज्यभर चर्चा झाली. ३० मार्च २०२५ रोजी, रमजान ईदच्या आदल्या दिवशी, मध्यरात्रीनंतर गेवराई तालुक्यातील अर्धमसला येथील मशिदीत जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट झाला. त्या प्रकरणी दोघांना अटक झाली. त्यानंतर घर व दुकानाबरोबरच मशीद, मदरसा यांसारख्या सामाईक जागांच्या सुरक्षेचाही विचार करणे ओघानेच आले.

कॅमेऱ्याचे दोन प्रकार

बाजारात ‘सौर कॅमेरा’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. खरेदीत फसगत होते ती येथेच.

पहिला प्रकार झोपून जागा होणारा. यात लहानसे पॅनल असते व कॅमेऱ्याच्या आतच लिथियमचे सेल असतात. कॅमेरा एरवी झोपलेला असतो. समोरून माणूस अथवा जनावर गेले की त्याच्या अंगातील उष्णतेवरून पी.आय.आर. नावाचा संवेदक त्याला जागा करतो. मग दहा-वीस सेकंदांचे चित्रण होते आणि मोबाईलवर सूचना येते. साधारण तीन ते आठ हजार रुपयांत मिळतो तो बहुधा हाच. यात अखंड चित्रण होत नाही आणि जागा होईपर्यंतचा क्षण-दोन क्षण हुकू शकतो.

दुसरा प्रकार अखंड चित्रणाचा. यात मोठे पॅनल, वेगळी बॅटरी व चार्ज कंट्रोलर लागतो. खर्च बराच वाढतो, परंतु दिवसरात्र चित्रण मिळते. गोदाम, सराफी दुकान, मोठा माल असलेले आवार यांसाठी हा योग्य. राहत्या घराला बहुतेक वेळा पहिला प्रकार पुरतो.

हिशेब आधी, खरेदी नंतर

दुकानदार ‘पाच वॅटचे पॅनल आहे, कधीच बंद पडणार नाही’ असे सांगतो. त्यावर न जाता साधा हिशेब मांडावा. आपल्या भागात पावसाळ्याचे मळभ सोडले तर दिवसाला चांगल्या उन्हाचे किमान चार तास हमखास धरता येतात. पाच वॅट गुणिले चार म्हणजे २० वॅट-तास. धूळ, उष्णता व चार्जिंगमधील तूट वजा जाता १२ वॅट-तास हाती लागतात असे धरू. आत तीन-तीन हजार मिलि-अँपिअर-तासांचे दोन सेल असतील तर त्यांत सुमारे २२ वॅट-तास साठतात.

आता खर्च पाहू. सिम असलेला कॅमेरा झोपेतही थोडी वीज खातो. ती ०.१५ वॅट धरली तर दिवसाला ३.६ वॅट-तास. जागेपणी तो अडीच वॅट घेतो असे मानू. दिवसभरात मिळून एक तास जागा राहिला तर एकूण खर्च सुमारे ६ वॅट-तास. उत्पन्न १२, खर्च ६, व्यवहार फायद्याचा. परंतु तोच कॅमेरा वर्दळीच्या रस्त्याकडे तोंड करून लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे सहा तास जागा राहिला तर खर्च १८ वॅट-तासांवर जातो. रोज सहा-साडेसहा वॅट-तासांचा तोटा होऊन चौथ्या दिवशी कॅमेरा बंद पडतो. पुष्कळ वेळा दोष कॅमेऱ्याचा नसून जागेच्या निवडीचा असतो, तो असा.

पावसाळ्यात झड लागली आणि पॅनलचे उत्पन्न चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे ३ वॅट-तासांवर आले, तर मितव्ययी कॅमेराही साठवणीवर आठवडाभरच तग धरतो. म्हणून खरेदी करताना पॅनल व सेल दोन्ही गरजेपेक्षा दीडपट घ्यावेत.

अखंड चित्रणाचा हिशेबही असाच. कॅमेरा व इंटरनेट मिळून पाच वॅट धरले तर चोवीस तासांना १२० वॅट-तास. ६० वॅटचे पॅनल चार तास उन्हात, तूट वजा जाता सुमारे १६८ वॅट-तास देते. म्हणजे ते पुरते. दोन दिवस ऊन नसले तरी चालावा यासाठी २४० वॅट-तासांची साठवण हवी. लिथियम फॉस्फेट बॅटरी पूर्ण रिकामी करू नये हे लक्षात घेता १२.८ व्होल्ट, २४ अँपिअर-तासांची बॅटरी लागते. साधी ॲसिडची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये, म्हणून ती घेतल्यास ४० अँपिअर-तासांची हवी.

जागा कशी निवडावी

(१) उंची : आठ ते दहा फूट. यापेक्षा खाली हात पोहोचतो, यापेक्षा वर लावल्यास फक्त टोप्या आणि डोकी दिसतात.

(२) दिशा : संवेदकाला समोरून सरळ येणारा माणूस उशिरा कळतो, आडवा जाणारा लगेच कळतो. म्हणून फाटकाच्या बरोबर समोर न लावता बाजूला लावावा, जेणेकरून येणारा त्याच्यासमोरून आडवा जाईल. उगवत्या-मावळत्या सूर्याकडे तोंड नसावे. तापलेला पत्रा, हलणारी लिंबाची फांदी, वाळत घातलेले कपडे समोर असू नयेत. त्यांनी कॅमेरा विनाकारण जागा होतो.

(३) उन्हाळ्याचा विचार : एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. लिथियमचे सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करणे त्यांच्या आयुष्याला घातक असते आणि उन्हातील कॅमेऱ्याचे आतील तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरेच अधिक असते. म्हणून पॅनल व कॅमेरा एकत्र जोडलेला घेऊ नये. दोन्ही वेगळे व मध्ये तार असलेला घ्यावा. कॅमेरा वळचणीच्या सावलीत आणि पॅनल उन्हात. आणखी एक गोष्ट अशी की, हवा माणसाच्या अंगाइतकीच तापली की उष्णतेवर चालणारा संवेदक मंद होतो. उन्हाळ्याच्या दिवसांत त्याची संवेदनशीलता वाढवून ठेवावी.

(४) अंतर : दुकानात मोठ्या पडद्यावर चित्र झकास दिसते, पण प्रश्न चेहरा ओळखू येण्याचा आहे. दोन मेगापिक्सेलचा, नव्वद अंशांची रुंद भिंग असलेला कॅमेरा दहा मीटरवर वीस मीटर रुंदी दाखवतो. तेथे माणूस आहे एवढे समजते. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखायचा तर तो साधारण चार मीटरच्या आत असावा लागतो. म्हणून एक कॅमेरा दारापाशी, चेहरा टिपण्यासाठी हवाच. संपूर्ण अंगण दाखवणारा दुसरा असल्यास उत्तम. त्यातही दोघे एकमेकांच्या नजरेत येतील असे लावावेत.

बसवण्याची रीत

पक्क्या भिंतीला ड्रिल करून गट्टी व स्क्रूने पट्टी बसवावी. माळवदाच्या अथवा पांढऱ्या मातीच्या भिंतीत स्क्रू टिकत नाही. तेथे दीड इंची जी.आय. पाईप दोन फूट खड्ड्यात काँक्रीटने उभा करून त्यावर बसवावा. पॅनलचे तोंड दक्षिणेला व कल साधारण वीस अंश ठेवावा, कारण बीड सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. समोर झाड, टाकी वा शेजारची भिंत यांची सावली दिवसाच्या कोणत्याही वेळी पडू नये; कोपऱ्यावरील थोडी सावलीही उत्पन्न बरेच घटवते. वळवाच्या वादळात पॅनल उडू नये म्हणून नट-बोल्टला स्प्रिंग वॉशर घालावा. तार खालून वळसा देऊन कॅमेऱ्यात न्यावी म्हणजे पाणी थेंबाथेंबाने बाहेरच गळते. तारेची जोडणी चिकटपट्टीने गुंडाळून भागत नाही; जलरोधक टोपी घट्ट बसवावी. सुरुवातीला कॅमेरा घरातील मोबाईल चार्जरवर पूर्ण चार्ज करून मगच वर चढवावा. शिडीवर काम करताना खाली एक माणूस असावा आणि वरून जाणाऱ्या विजेच्या तारांपासून पाईप लांब ठेवावा.

दर पंधरा दिवसांनी पॅनल ओल्या फडक्याने पुसावे. भिंगासमोरचे कोळ्याचे जाळे काढावे. रात्रीच्या अदृश्य प्रकाशात ते जाळेच पांढरे चमकते व मागचे काही दिसत नाही.

सिम, कार्ड व पासवर्ड

कॅमेरा घेण्यापूर्वी जेथे तो लावायचा तेथेच उभे राहून कोणत्या कंपनीचे फोर-जी चांगले मिळते ते मोबाईलवर पाहावे. सिम स्वतःच्या नावाचेच असावे, दुकानदाराच्या नावाचे घेऊ नये. मोबाईलवर सतत थेट चित्र पाहत बसल्यास तासाला सुमारे ४५० एम.बी. डेटा जातो आणि बॅटरीही उतरते. तेव्हा सूचना आल्यावरच पाहावे. मुदत संपण्याआधी रिचार्ज करण्याची जबाबदारी घरातील एका माणसावर द्यावी.

चित्रण कॅमेऱ्यातील मेमरी कार्डावर साठते. अखंड चित्रणास १२८ जी.बी.चे कार्ड साधारण अकरा-बारा दिवस पुरते. जागा होणाऱ्या कॅमेऱ्यास त्याहून पुष्कळ अधिक. कॅमेरेच चोरून नेले तर कार्डही जाते, म्हणून मोबाईलवर सूचनेसोबत चित्र येते की नाही ते आधी तपासावे.

सर्वांत महत्त्वाचा पासवर्ड. कारखान्यातून आलेला अथवा दुकानदाराने घातलेला सोपा पासवर्ड तसाच राहिला तर जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून आपले अंगण पाहता येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील महिलांच्या तपासणीचे चित्रण चोरून विकले जात असल्याचे उघड झाले. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातील तरुणही होते. यावरून धडा घेऊन घराच्या आत, विशेषतः महिलांच्या वावराच्या जागी, कॅमेरा लावूच नये. बाहेरच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड लांब ठेवावा व कोणा-कोणाच्या मोबाईलवर तो सुरू आहे याची यादी मधूनमधून पाहावी. केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२५ पासून सी.सी.टी.व्ही. कॅमेऱ्यांना सुरक्षाविषयक चाचणी बंधनकारक केली आहे. म्हणून भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक नसलेला, बिनपावतीचा माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

शेजाऱ्याचा हक्क

आपल्या घराची राखण करताना शेजाऱ्याच्या अंगणात, न्हाणीघराच्या दारावर वा गच्चीवर कॅमेऱ्याची नजर जाता कामा नये. दुसऱ्याच्या घरात डोकावणे आणि कुणाची टेहळणी करणे इस्लामने मना केले आहे, आणि कायद्याचेही म्हणणे तेच आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. स्त्रीचे खासगी क्षण चोरून पाहणे वा टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणे गुन्हा आहे. सामाईक वाड्यात राहणाऱ्यांनीही जपावे : घराच्या राहत्या भागात सहमालकाच्या संमतीविना कॅमेरे चालवता येणार नाहीत, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ साली दिला व सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. बहुतेक ॲपमध्ये चित्राचा ठरावीक भाग झाकण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा. लावण्यापूर्वी शेजाऱ्याला बोलावून मोबाईलवर चित्र दाखवले तर पुढचा तंटाच मिटतो.

चोरी झाल्यावर काय करावे?

प्रथम ११२ क्रमांकावर कळवावे. कारखान्यावर असलेल्या माणसाने गाव गाठेपर्यंत थांबण्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात, हद्द न पाहता देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते.

चित्रण कापू-जोडू नये. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत कमी दर्जाची होते, तो मूळ पुरावा नव्हे. मूळ कार्ड काढून जपून ठेवावे व कॅमेऱ्यात दुसरे घालावे. कॅमेऱ्यातील तारीख-वेळ बरोबर आहे ना, हे आधीपासूनच पाहत जावे. न्यायालयात असे चित्रण सादर करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते; त्याचा एक भाग साधन सांभाळणाऱ्याने व दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. हा नियम किती कडक आहे हे आपल्या शेजारच्या जालन्यातील निवडणुकीच्या वादातून दिसले. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूळ साधनच हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र आवश्यकच आहे. तो निर्णय जुन्या कायद्यातील ६५-ब कलमावर होता. नव्या कायद्यातही प्रमाणपत्राची अट कायम आहे.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. कॅमेऱ्यात कोणी अनोळखी दिसला म्हणून त्याचे चित्र ‘चोर’ म्हणून गावभर पाठवू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भटक्या भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. आपल्यातील कित्येक जण गावोगाव फिरून कपडे, चटया, भांडी विकतात; परक्या गावात अनोळखी तेच असतात. चित्र पोलिसांकडेच द्यावे.

कारागिरांसाठी संधी

हे काम कंपनीच्या माणसाचेच आहे असे नाही. इलेक्ट्रिशियन, मोबाईल दुरुस्ती करणारे, वेल्डर आणि कुलूप-किल्लीवाले यांना ते सहज जमण्यासारखे आहे. वेल्डरने पॅनलच्या पट्ट्या व खांब तयार ठेवावेत. मोबाईलवाल्याने सिम, ॲप व पासवर्डचे काम करावे. इलेक्ट्रिशियनने हिशेब मांडून बॅटरी ठरवावी. तिघांनी मिळून एकच दर ठरवला तर गिऱ्हाईकाचीही सोय होते. मात्र काही नियम पाळावेत. गिऱ्हाईकाचा पासवर्ड त्याच्याच हाताने घालून घ्यावा व आपल्या मोबाईलवरील जोडणी त्याच्यासमोर काढून टाकावी. पावतीवर कॅमेऱ्याचा क्रमांक, बॅटरीची क्षमता व हमीची मुदत लिहून द्यावी. ‘पावसाळ्यात तीन-चार दिवस बंद राहू शकतो’ असे असेल तर तसे विक्रीपूर्वीच सांगावे. मालातील उणीव दाखवून विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.

खरेदीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

पॅनल किती वॅटचे आणि वेगळे आहे काय? सेल किती क्षमतेचे व बदलता येतात काय? चित्रण अखंड आहे की हालचालीपुरते? कार्ड किती जी.बी.पर्यंत चालते? चित्र मोबाईलवर पाहण्यासाठी मासिक वर्गणी आहे काय? मानक ब्युरोची नोंदणी आहे काय? दुरुस्ती कोठे होईल? या सात प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली तरच पैसे मोजावेत.

शेवटी, कॅमेरा चोराचा हात धरत नाही. तो फक्त पाहतो आणि सांगतो. मजबूत कडी-कोयंडा, अंगणातला दिवा, दागिन्यांसाठी बँकेतील लॉकर आणि हाकेला धावणारा शेजारी यांची जागा तो घेऊ शकत नाही. परंतु फडात कोयता चालवणाऱ्या माणसाला गावातील आपले दार आणि त्या दारात बसलेली आई रोज एकदा दिसू शकते, एवढे काम हे लहानसे यंत्र निश्चित करते. विचारपूर्वक निवडले व नीट बसवले, तर त्यासाठी केलेला खर्च वाया जाणार नाही.